इथे सरांचं आहे

आठल्ये सर कधीही ओरडले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, कारण दुष्ट माणूस म्हटला की लोकांना टेबलावर मुठी आपटणारा, डोळे लाल झालेला कोणीतरी दिसतो. तसे असते तर बरंच झालं असतं गो बाई! ओरडणाऱ्याशी भांडता तरी येतं. सर इतकं हळू बोलायचे की ऐकायला पुढे वाकावं लागायचं, आणि वाकलं की नेमकं वर्मावर बोट ठेवायचे. वर म्हणायचे, "वाईट वाटून घेऊ नका. खरं तेच बोललो." वाईट वाटून घेण्याचीसुद्धा सोय ठेवायचे नाहीत.

दोन हजार साल उलटून एक-दोन वर्षं झाली होती. रत्नागिरीत मारुती मंदिराच्या पुढे, एका औषधांच्या दुकानाच्या माडीवर त्यांचं ऑफिस. दोन खोल्या, मागे एक अडगळीची. शाळा, संस्था, दवाखाने यांना लागणारे लहानमोठे प्रोग्राम आम्ही बनवून द्यायचो. आम्ही म्हणजे सर, सुर्वे आणि मी. सुर्वे प्रोग्राम लिहायचा, मी माहिती भरायची, छापायची, आणि हळूहळू थोडंफार लिहायलाही शिकले होते. माझ्या नवऱ्याची फॅक्टरी तेव्हा बंद पडली होती. नोकरी मला हवी होती. हे सबब म्हणून सांगत नाही, पण पुढचं ऐकताना ध्यानात असू द्या.

सरांचं सगळं जागच्या जागी. सकाळी आले की खिशातला पांढरा रुमाल काढून कीबोर्डची एकेक कळ पुसणार. चहा स्वतःच्या थर्मासातून, स्वतःच्या कपात. आम्हाला कधी विचारलं नाही, आणि आम्ही खालून मागवला तर घड्याळाकडे बघायचे. नुसतं बघायचे हो, पण सुर्वे अर्धा कप टाकून उठायचा. प्रोग्रामच्या तक्रारीचा फोन आला की दोन बोटांनी रिसीव्हर धरून म्हणणार, "यंत्राला दोष देऊ नका. आरसा फोडून तोंड गोरं होत नाही." समोरचा बिचारा मुख्याध्यापक असो नाहीतर डॉक्टर, फोन ठेवून द्यायचा.

पण शिकवायचे कसे, तेही सांगायला हवं, नाहीतर माझ्या जिभेला हाड नाही म्हणाल. मला त्यांनी एका दिवसात जे समजावलं ते पुस्तकातून वर्षभर कळलं नसतं.

झालं काय, सुर्व्याच्या एका प्रोग्राममध्ये विद्यार्थ्याचं नाव छापायच्या जागी कोरं येत होतं. वर नाव नीट भरलेलं, खाली कोरं. सुर्वे दोन दिवस डोकं धरून बसला. तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, "सुर्वे, अडगळीच्या खोलीत जा. दार लावून घ्या." सुर्वे अंगाने भरलेला, आणि ती खोली जुन्या प्रिंटरच्या खोक्यांनी गच्च. कसाबसा घुसला. सरांनी बाहेर फळ्यावर खडूने लिहिलं, 'बांगडा'. मग दारातून विचारलं, "फळ्यावर काय लिहिलंय?"

"दिसत नाही सर."

"अहो, मी लिहिलंय. सगळ्यांना दिसतंय. पाध्येबाई, तुम्हाला दिसतंय ना?"

"हो सर," मी म्हटलं. पाध्येबाई म्हणजे मी.

"मला कसं दिसेल सर? मी आत आहे," आतून सुर्वे.

"आता कळलं? प्रोग्राममधलं प्रत्येक फंक्शन म्हणजे वेगळी खोली. बाहेर काय ठेवलंय ते आतल्याला दिसत नाही. एकतर दारातून त्याच्या हातात द्यायचं, नाहीतर त्याने आत शिरल्या शिरल्या नाव घेऊन बाहेरून मागून घ्यायचं. दोन्ही केलं नाही तर त्याच्याकडे त्या नावाचं काहीच नसतं. कोरं. आणि तो वेडा ते कोरंच घेऊन पुढचा हिशेब करत बसतो." पीएचपी नावाच्या ज्या भाषेत आम्ही लिहायचो तिचा हा स्वभावच होता, पण इतक्या सोप्या शब्दांत तो मला तेव्हाच कळला. मी तर मनात टाळ्या वाजवल्या.

मग सर म्हणाले, "आता तिथूनच दहा वेळा म्हणा, माझ्या डोक्यात काही नाही."

सुर्वे हसला. त्याला वाटलं, चेष्टा आहे. सरांनी बाहेरून कडी घातली आणि डबा उघडून जेवायला बसले. एप्रिलचा महिना, खोलीला खिडकी नाही. शेवटी सुर्व्याने म्हटलं, दहा वेळा. सर बोटावर मोजत होते. आठव्याला म्हणाले, "नीट ऐकू आलं नाही, पुन्हा पहिल्यापासून." बाहेर आला तेव्हा शर्ट पिळून काढावा इतका भिजला होता. दोन मुलांचा बाप होता हो तो!

त्यानंतर ऑफिसात 'वाचन' सुरू झालं. कुठे काही कोरं आलं की ज्याचं काम असेल त्याने उभं राहून अख्खा प्रोग्राम मोठ्याने वाचायचा. कंस, स्वल्पविराम, सगळ्यासकट. प्रोग्राममध्ये माहितीच्या प्रत्येक कप्प्याला एक नाव दिलेलं असतं; बाकीच्यांनी कागद घेऊन कुठल्या नावात आता काय आहे ते लिहीत जायचं. कागदावर जिथे नाव कोरं पडेल तिथे चूक. पद्धत रामबाण होती, उगाच खोटं कशाला बोलू? पण वाचताना अडखळलं की सर "पुढच्या जन्मी" एवढंच म्हणायचे, आणि वाचणाऱ्याने पुन्हा वरून सुरुवात करायची.

आणि एक गोष्ट वाचायची नाही. सगळ्या प्रोग्रामांना लागणारी काही फंक्शनं सरांनी स्वतः लिहून एका फाइलीत ठेवली होती. ती फाइल सरांच्याच मशीनवर असायची. वाचताना त्यातलं एखादं आलं की वाचणारा म्हणायचा, "इथे सरांचं आहे," आणि पुढे जायचा. हा नियम सरांनी कधी घातला नव्हता, खरं सांगते. आम्हीच पाडला. पूर्वीच्या बायका नवऱ्याचं नाव घ्यायच्या नाहीत ना, तसं. सरांनी तो मोडून काढला नाही, इतकंच.

अशा ठिकाणी मंगल आली. मंगल गोताड, संगमेश्वराच्या आतल्या एका वाडीतली. एसटीने अडीच तास यायची, अडीच तास जायची. घरात शिकलेली ही पहिली. तिच्या वडिलांनी एक वर्षाची मुदत दिली होती. मुंबईचं एक स्थळ थांबून होतं. वर्षभराने बाप सरांना येऊन विचारणार, पोरगी कामाची आहे का. सर हो म्हणाले तर नोकरी चालू, नाही म्हणाले तर मांडव. मंगलनेच हे मला डबा खाताना सांगितलं, आणि हसत म्हणाली, "म्हंजी वयनी, माजी परीक्षा वर्षभर चाललीय, आनि पेपर तपासनार आठल्ये सर!"

"आणि" नव्हे, "आनि". सरांना ते फार बोचायचं. "पाणी म्हण," म्हणायचे. ती म्हणायची, "पानी." "पुन्हा." "पानी." सगळ्यांसमोर, वीस वीस वेळा. एकदा बँकेचे मॅनेजर बसले होते त्यांच्यासमोरसुद्धा म्हणायला लावलं, आणि ते हसल्यावर सर म्हणाले, "बघा, संगणक हिला कळतो म्हणे." तो मॅनेजरही मेला हसतच होता.

पण कळत होतं तिला. आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं. कुठे काही कोरं आलं की ती वाचनाची वाट बघायची नाही. प्रोग्रामच्या मधे मधे एकेक ओळ घालायची, इथे या नावात काय आहे ते पडद्यावर दाखव म्हणून. मी विचारलं, हे कोणी शिकवलं गो तुला? तर म्हणाली, "आमच्या शेतात खालच्या खाचरात पानी पोचलं नाय तर आबा वरपास्नं बांधाबांधानं बघत येतात, कुठं फुटलंय ते. तसंच हाय की ह्ये." सुर्व्याला जे दोन दिवस सापडायचं नाही ते तिला चहा गार व्हायच्या आत सापडायचं. सर लांबून बघायचे. कौतुक राहू द्या, पण एक दिवस तिने घातलेल्या सगळ्या ओळी पुसून टाकल्या आणि म्हणाले, "ही कुबड्यांची सवय मला चालत नाही."

आणखी एक. नाव कोरं असेल तर ती भाषा पडद्यावर तशी सूचना द्यायची. सरांनी सगळ्या मशीनवर त्या सूचना बंद करून टाकल्या होत्या. गिऱ्हाइकासमोर यंत्राने बडबड करायची नाही, असा त्यांचा हुकूम. मंगलने एकदा विचारलं, निदान आपण काम करताना तरी चालू ठेवूया का. सर म्हणाले, "तुझी चूक तुला यंत्राने सांगावी लागते?" झालं. सूचना बंदच राहिल्या.

मंगलचं वर्ष भरत आलं, श्रावण लागला होता, आणि एका संस्थेच्या नर्सिंगच्या प्रवेशाची यादी करायचं काम आमच्याकडे आलं. संस्थेने त्या वर्षी नवा नियम केला होता. दुर्गम वाड्यांतल्या मुलींना पाच गुण जादा द्यायचे. प्रोग्राम मंगलने लिहिला. एकूण गुणांची बेरीज करायचं फंक्शन मात्र सरांच्या फाइलीतलं होतं, आणि नव्या नियमासाठी सरांनी त्यात स्वतः एक ओळ वाढवली होती. मंगल म्हणाली, आधी चार-पाच मुलींचं हाताने ताडून बघूया. सर म्हणाले, "वेळ नाही. छापा." यादी मीच छापली. संस्थेत फळ्यावर लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन. एकाही मुलीला जादा गुण मिळाले नव्हते. सहा मुली यादीबाहेर गेल्या होत्या, आणि त्यांचे आईबाप संस्थेच्या दारात येऊन बसले होते.

सरांनी फोन ठेवला, रुमालाची घडी केली आणि म्हणाले, "मंगल, वाच."

ती उभी राहिली. पाऊण तास वाचत होती. एकदाही अडखळली नाही. माझ्या कागदावर 'जादा गुण' या नावापुढे पाच होते, शेवटपर्यंत पाच. मग बेरजेचं फंक्शन आलं. सुर्वे सवयीने पुटपुटला, "इथे सरांचं आहे."

मंगल पुढे गेली नाही. कागद खाली घेतला आणि म्हणाली, "सर, हितपर्यंत पाच हायत. पलीकडं बेरीज येते ती पाचाशिवाय येते. मधे काय व्हतं ते बगाय पायजे."

"मधे मी आहे," सर म्हणाले.

"व्हय सर."

"म्हणजे चूक माझ्यात आहे?"

सुर्व्याने मान खाली घातली. मी कागदावर उगाच पेन फिरवत बसले. माझ्या हातातल्या कागदावर पाच लिहिलेले होते हो, ती खरं बोलत होती हे मला धडधडीत दिसत होतं. मंगलने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सुर्व्याकडे.

"नाय सर," ती म्हणाली, आणि पुढचं वाचायला लागली.

वाचन संपलं, काही सापडलं नाही. दुपारी मी प्रिंटरमध्ये कागद भरायला गेले. प्रिंटर सरांच्या खुर्चीच्या मागे. सरांच्या पडद्यावर तीच फाइल उघडी होती, बेरजेचं फंक्शन. 'जादा गुण' बाहेर होते, आणि सरांनी ते आत मागून घेतलेच नव्हते. बांगडा फळ्यावर आणि सुर्वे अडगळीत! पहिल्याच दिवशी शिकवतात ती चूक, आणि ती सरांची. माझ्यादेखत त्यांनी वर एक ओळ लिहिली, फाइल जपून ठेवली आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं. चांगलं दोन-तीन क्षण बघितलं.

"पाध्येबाई, कागद भरा," म्हणाले.

मी कागद भरले. नवी यादी बरोबर आली. सर बाहेरच्या खोलीत येऊन हळू आवाजात म्हणाले, "सापडलं. मंगलची चूक होती. दुरुस्त केली आहे."

"काय चूक व्हती सर?" तिने विचारलं.

"सांगून उपयोग असता तर झालीच नसती."

त्या शनिवारी तिचे वडील आले. ठरल्याप्रमाणे. डोक्यावर टोपी, पायात प्लास्टिकच्या चपला, त्याही खाली जिन्याशीच काढून ठेवलेल्या. पिशवीत दोन तवशी, घरच्या वेलावरच्या मोठ्या काकड्या. सरांनी "बसा" म्हटलं. ते खुर्चीच्या कडेवर टेकले.

"सायेब, तुमी सांगाल तसं. मुंबयची मान्सं आता खोळंबलीत. पोर म्हनते, मला हितं काम जमतं. तुमी व्हय म्हनलात तर मी त्यांना नाय कळवतो. मला अडान्याला त्यातलं काय कळत नाय."

मंगल पाण्याचा पेला घेऊन दारात उभी होती. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. अगदी मायेने बोलले, त्याचीच मला जास्त चीड येते.

"मुलगी गुणी आहे. पण या कामाची नाही. परवाच एवढी मोठी चूक केली, सहा मुलींचं नुकसान व्हायची वेळ आली होती. तुम्ही लग्न करून टाका."

म्हाताऱ्याला ते पटेना. पोरीवर त्याचा विश्वास होता. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि माझ्याकडे वळून हात जोडले. "बाई, तुमी पन हितंच असता ना? रोज बगता तिला. तुमचं काय म्हननं?"

सर माझ्याकडे बघत होते. मंगलही बघत होती. तोंडापर्यंत आलं होतं सगळं. एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक. घरी नवरा बसून, पोराची फी, सगळं त्या एका क्षणात डोळ्यांपुढून गेलं, आणि मी म्हटलं, "सरांना जास्त कळतं."

म्हातारा उठला. तवशी टेबलावर ठेवून, सरांना वाकून नमस्कार करून जिना उतरला. मंगल रडली नाही. हातातलं काम पुरं केलं, राहिलेल्या कामांची यादी लिहून सुर्व्याला दिली, आणि संध्याकाळच्या गाडीने गेली. तवशी सर घरी घेऊन गेले.

पुढे पाच वर्षांनी गणपतीत मला ती पालीच्या स्टँडवर भेटली. माहेरी निघाली होती, कडेवर पोर, हातात पिशव्या. मला बघून धावत आली. राग नाही, काही नाही! सर बरे आहेत का विचारलं. मग म्हणाली, "वयनी, ती चूक काय व्हती ओ? मी घरी कागदावर किती येळा लिवून बगितली. मला अजून गावली नाय."

गाडी लागलेली होती, कंडक्टर ओरडत होता. मी म्हटलं, "आता कुठे आठवतंय गो," आणि तिच्या पोराच्या हातात दहाची नोट कोंबली. थू माझ्या जिनगानीवर!

सरांनी पुढे ऑफिस बंद केलं. मी एका पतपेढीत लागले. त्यानंतर सर मला एकदाच भेटले, डोळ्यांच्या दवाखान्यात. मी सासूबाईंना घेऊन गेले होते, त्यांना आत तपासत होते. सर बाकावर एकटे, एका डोळ्यावर पट्टी. वाळले होते, पण शर्टाची इस्त्री तशीच. मी शेजारी बसले. तब्येतीचं, पावसाचं बोलून झालं. मग त्यांनीच काढलं.

"ती संगमेश्वराची मुलगी. तिच्या वडिलांनी तुम्हाला विचारलं होतं."

मी म्हटलं, "हो."

"मी वाट बघत होतो, पाध्येबाई."

"कसली?"

"तुमचीच. तुम्ही प्रिंटरपाशी सगळं बघितलं होतं. मला वाटलं, ही आता बोलेल. तुम्ही बोलला असतात तर मी नाही म्हणालो नसतो. शपथेवर सांगतो. माझ्याच्याने होत नव्हतं. तुम्हाला एक वाक्य बोलायचं होतं."

नेहमीच्याच हळू आवाजात बोलले. ऐकायला मी पुढे वाकले होते.

खोटं बोलत होता मेला! आपलं पाप माझ्या पदरात टाकून मोकळा होत होता. मी हे स्वतःला हजार वेळा सांगितलंय, आणि हजार वेळा वाटलंय, नसेल बोलत खोटं तर? मंगलला कोरं ठेवण्यात निम्मा हात माझाच नव्हता का? तेव्हा मात्र मला एवढंच सुचलं की उठावं, चार लोकांत मोठ्याने सांगावं, हा माणूस कोण आहे आणि याने काय केलं. शब्द जुळवत होते मी.

इतक्यात आतून नर्सबाईंनी सरांचं नाव पुकारलं. सर उठले. हातातली ओली छत्री माझ्यापुढे केली आणि म्हणाले, "धरा."

मी धरली. ते आत गेले. सासूबाई बाहेर आल्या, चल म्हणाल्या, तरी ती छत्री धरून मी तिथेच बसून होते.